देहाचा निरोप



मागच्या सात वर्षांत सप्ताहाचे आमंत्रण घेऊन जे जे माझ्या दारी आले, त्यांना मी हात जोडून परत पाठवले. काहींना वाटले, महाराजांचा आवाज गेला. काहींना वाटले, मानधनाचे काही मनात असेल. दोन्ही खरे नाही. आवाज अजून आहे, पहाटेचा काकडा मी घरी म्हणतो. पण छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत पोटावर शिवणीचा व्रण आहे, आणि दोन तास उभे राहून चाल घेण्याचे बळ त्या दुखण्यात गेले ते परत आले नाही. हे एक कारण. दुसरे कारण मनातले आहे. ते मी आजवर कोणत्याही गादीवरून सांगितले नाही. आता वय चौऱ्याहत्तर झाले. तुम्हा वारकरी मंडळींपुढे ते ठेवतो, कारण पुढच्या वारीला तुमच्या पडशीत जी एक लहानशी पुडी असणार आहे, तिच्याशी त्याचा संबंध आहे.

आमचे राळेगाव यवतमाळ जिल्ह्यात, काळ्या मातीचे, कापसाचे. तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते आणि पलीकडे वर्धा जिल्हा लागतो. घरात माळ आजोबांपासून. हरिपाठ त्यांच्या मांडीवर पाठ झाला, आणि पुढे आळंदीला, जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली. परत आलो तो कीर्तनाला उभा राहिलो. विदर्भातली किती गावे पायाखाली गेली, त्याचा हिशेब मी ठेवला नाही, पण माझ्या गुडघ्यांनी ठेवला.

पंचावन्नीनंतर गुडघे बोलू लागले. औषधाच्या दुकानात नुसते "गुडघ्याची गोळी द्या" म्हटले की मिळत असे. गोळी पोटात गेली की तासाभरात ठणका उतरे आणि मी पुन्हा पावली खेळायला मोकळा. सप्ताहात रोज एक, कधी दोन. आषाढीच्या वाटचालीत सकाळ-संध्याकाळ. एकादशीला तर पोटात अन्नाचा कण नसे. काळ्या चहाबरोबर तीच गोळी घ्यायची आणि रात्रीच्या जागराला उभे राहायचे. असे मी बारा वर्षे केले. तुमच्यापैकी किती जण हे करतात ते मी दिंडीत पाहिले आहे. मुक्कामाला कंदिलाच्या उजेडात एकमेकांना गोळ्या वाटताना मी पाहिले आहे, आणि वाटणाऱ्यांत मीही होतो.

त्या वर्षी मार्गशीर्षात राळेगावजवळच्या एका खेड्यात सप्ताह होता. वावरांत कापूस वेचणी चालली होती. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे मला शौचाला काळी झाली. नुसती काळसर नव्हे. डांबरासारखी काळी, चिकट, आणि तिला एक वेगळाच उग्र वास. पोटात दुखत मात्र नव्हते. मी मनाशी म्हटले, उष्णता झाली असेल, ताक घ्यावे. हे वाक्य मी पूर्वी एकदा कोणाला तरी सांगितले होते, हे त्या क्षणी मला स्वच्छ आठवले. पण आठवलेले मी बाजूला सारले. काल्याचे कीर्तन अजून व्हायचे होते.

चार दिवस मी हे कोणाला सांगितले नाही. सौभाग्यवतीलाही नाही. चढ चढताना धाप लागे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई, तोंडाला कोरड पडे. काल्याच्या दिवशी कीर्तन कसेबसे उरकले. दहीहंडी फुटली, प्रसाद वाटला जात होता, तेवढ्यात मला ओकारी झाली. चहाच्या चोथ्यासारखे काळपट तपकिरी काहीतरी पडले आणि पुढचे मला आठवत नाही.

टाळकरी पोरांनी मला गाडीत घातले. राळेगावच्या ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावले आणि तिथूनच पुढे मोठ्या रुग्णालयात धाडले. आपल्या भागाचे हे एक भाग्य आहे की सेवाग्राम, सावंगी किंवा यवतमाळ, कुठल्याही बाजूला निघा, मोठे वैद्यकीय महाविद्यालय फार लांब पडत नाही. तिथे एक शल्यविशारद डॉक्टर बाई होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाबाजी, काळी शौच कधीपासून होते?"

मी म्हणालो, "आजच झाली."

चाळीस वर्षे गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि मी खाटेवर पडून खोटे बोललो. का? लाज वाटली. चार दिवस लपवले हे सांगायची लाज. डॉक्टर बाईंनी माझ्या डोळ्यांची पापणी ओढून पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "एका दिवसात एवढे रक्त जात नाही." हिमोग्लोबिन साडेपाच भरले. मग मी खरे सांगितले.

आता हे दुखणे काय आहे ते मला समजले तसे सांगतो. जठर म्हणजे पोटातली पखाल. अन्न पचवायला त्यात इतके तीव्र आम्ल तयार होते की मांसही त्यात विरघळावे. मग जठर स्वतःच का विरघळत नाही? कारण आतून त्याला बुळबुळीत अस्तर असते आणि शरीर ते क्षणोक्षणी नवे करीत असते. हे अस्तर कुठे फाटले की आम्ल आतल्या मांसाला लागते आणि जखम पडते. तिलाच आपण अल्सर म्हणतो. ती जठरात होते, किंवा जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. जखम खोल जाऊन तिने एखादी रक्तवाहिनी कुरतडली की आत रक्त सुटते. ते रक्त आम्लात आणि आतड्यात पचते, म्हणून बाहेर पडताना लाल न दिसता डांबरासारखे काळे दिसते.

अस्तर फाटण्याची मुख्य कारणे दोन. एक, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. दुसरे, आपल्या पडशीतली पुडी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन ही सारी एका कुळातली औषधे. शरीरात वेदना आणि सूज निर्माण करणारे जे द्रव्य असते, ते ही औषधे बंद पाडतात. पण त्याच जातीचे द्रव्य जठराचे अस्तर राखीत असते, तेही त्याबरोबर बंद पडते. गुडघ्यावरचा पहारा उठवायला गेलो आणि पोटावरचा पहाराही उठला, असे समजा. शिवाय गोळी वेदनाच मारते, म्हणून जखम दुखतही नाही. म्हाताऱ्या माणसात कित्येकदा पहिली खूण दिसते ती एकदम रक्ताची. माझे तसेच झाले. गावोगाव नाव नसलेल्या पुड्या मिळतात, त्यांत तर काय काय मिसळलेले असते ते देणाऱ्यालाच ठाऊक.

तिखट खाल्ल्याने किंवा काळजी केल्याने अल्सर होतो असे आपण धरून चाललो होतो, आणि बराच काळ डॉक्टरही तसेच धरून चालले होते. माझी नात नर्सिंगचे शिक्षण घेते. मी अंथरुणाला खिळलो होतो तेव्हा तिने मला याचा इतिहास वाचून दाखवला. ऑस्ट्रेलियात पर्थ नावाचे शहर आहे. तिथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांना अल्सरच्या रुग्णांच्या जठरात वळणदार जंतू दिसत. आम्लात जंतू जगतो हे कोणी मानायला तयार नव्हते. तो प्रयोगशाळेत वाढेनाही. १९८२ साली ईस्टरच्या सुट्ट्यांमुळे काचेच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि जंतू वाढला. तरीही जग मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी तो जंतूंचा काढा स्वतः पिऊन टाकला. काही दिवसांत त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि दुर्बिणीने पाहिले तर जठराला सूज. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. देहाला तुच्छ मानण्यावर मी आयुष्यभर बोललो. या माणसानेही आपला देह पणाला लावला, पण त्यात काय घडते ते डोळे उघडे ठेवून पाहिले आणि जगाला सांगितले. मी माझे चार दिवस लपवले.

माझ्यावर आधी शस्त्रक्रिया केली नाही. आधी शिरेतून सलाईन, रक्त, आणि आम्ल बंद करणारे औषध. मग तोंडातून दुर्बीण घातली. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच जखम सापडली आणि तिच्या तळाशी रक्तवाहिनीचे तोंड. दुर्बिणीतूनच सुई घालून अ‍ॅड्रिनलिन टोचले आणि वर धातूची बारीक चाप बसवली. बहुतेकांचे रक्त एवढ्याने थांबते. डॉक्टर बाई म्हणाल्या, "पहिले तीन दिवस जपायचे. पुन्हा फुटली तर याच दिवसांत फुटते."

रक्त आमच्याच टाळकऱ्यांनी दिले. ज्या पोरांच्या हातात मी टाळ दिले, ती रांगेत उभी राहिली. त्यांच्या पिशव्या पेढीत जमा झाल्या आणि मला चढल्या त्या कोणाकोणाच्या होत्या, देव जाणे. पिशवीवर जात लिहिलेली नव्हती, गाव लिहिलेले नव्हते. फक्त गट होता. वाळवंटातल्या समतेवर मी शेकडो कीर्तने केली. ती समता माझ्या शिरेतून थेंबाथेंबाने आत येत होती.

दुसऱ्या रात्री पुन्हा रक्त सुटले. पुन्हा दुर्बीण घातली, पण आत इतके रक्त साचले होते की जखम दिसेना. तेव्हा शस्त्रक्रियेखेरीज मार्ग उरला नाही. काही मोठ्या शहरांत जांघेतून बारीक नळी घालून ती रक्तवाहिनी आतूनच बंद करतात, पण तशी सोय सगळीकडे नसते आणि माझ्यापाशी वेळ नव्हता. डॉक्टर बाईंनी माझ्या मुलाला एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावले. लहान आतड्याच्या या भागाच्या नेमके मागून एक मोठी धमनी जाते. जखम मागच्या भिंतीतून खोल जाते तेव्हा तिलाच गाठते. पोट उघडायचे, आतडे उभे चिरायचे, बोटाने ती धमनी दाबून धरायची, आणि जखमेच्या तळाशी चहूबाजूंनी टाके घालून ती बांधून टाकायची. मग आतडे आडवे शिवून मिटवायचे, म्हणजे वाट अरुंद होत नाही.

मुलाने विचारले, "जठर काढून टाकणार का?" त्याने कुठेतरी तसे ऐकले होते. त्या म्हणाल्या, "पूर्वी काढत." व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली कर्करोगासाठी जठराचा खालचा भाग काढून रुग्ण वाचवला, आणि पुढे अल्सरसाठीही तोच मार्ग रूढ झाला. १९४३ साली शिकागोत लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठराकडे जाणारी, आम्ल सोडायला सांगणारी मज्जातंतूची दोरीच तोडायला सुरुवात केली. माणसे वाचत, पण पुष्कळांचे जेवण पुढे आयुष्यभर बिघडे. घास जठरात न थांबता खाली घसरे, जेवल्यावर घाम फुटे, चक्कर येई, जुलाब होत. नंतर आम्ल रोखणारी औषधे आली. त्यांतले पहिले प्रभावी औषध शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल मिळाले. जंतूवर इलाज सापडला. मग शस्त्रक्रियेचे काम आटोपशीर झाले: रक्त थांबवा आणि बाहेर या, अल्सर बरा करायचे काम औषधांवर सोपवा.

हे ऐकून तुम्हाला वाटेल, मग शस्त्रक्रिया सोपी झाली. तसे नाही, आणि हा भाग नीट वाचा. ब्रिटनमध्ये २००७ साली पोटातल्या रक्तस्रावाच्या हजारो रुग्णांची पाहणी झाली. शंभरातल्या सुमारे दोघांनाच शस्त्रक्रिया लागली. पण ज्यांना लागली, त्यांतले शंभरी सुमारे तीस जण वाचले नाहीत. टाके घालणे अवघड असते म्हणून एवढे मृत्यू होतात असे मुळीच नाही. सुरीपाशी पोहोचतो तो माणूस म्हातारा असतो, त्याला आणखी दोन आजार असतात, आणि बाकीचे सारे उपाय करता करता त्याचे रक्त सांडून गेलेले असते.

हाँगकाँगमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दुर्बिणीच्या उपचारानंतर पुन्हा रक्त सुटलेले ९२ रुग्ण त्यांनी घेतले. ४८ जणांवर पुन्हा दुर्बिणीनेच उपचार केले आणि ४४ जणांवर शस्त्रक्रिया. दुर्बीणवाल्यांपैकी ३५ जणांचे रक्त दीर्घकाळ थांबले. १३ जणांना शेवटी शस्त्रक्रिया करावीच लागली. महिन्याभरात पहिल्या गटातले ५ दगावले, दुसऱ्यातले ८. एवढ्या थोड्या माणसांत या फरकावरून काही ठाम म्हणता येत नाही. पण मोठी गुंतागुंत पहिल्या गटात ७ जणांना झाली आणि दुसऱ्यात १६ जणांना. म्हणून आज पुन्हा रक्त सुटले तरी आधी पुन्हा दुर्बीण, आणि ती हरली तर सुरी. शस्त्रक्रिया हा या वाटेवरचा शेवटचा मुक्काम आहे. तो आहे म्हणून मी आज लिहितो आहे. पण पहिल्या दिवशी गेलो असतो, अंगात रक्त असताना गेलो असतो, तर बहुधा पहिल्याच मुक्कामावरून घरी परतलो असतो.

वाचलो. मधे न्यूमोनिया झाला, पोटाची शिवण एका जागी पिकली, एकोणीस दिवस तिथे काढले. तपासणीत तो जंतूही सापडला, म्हणजे माझ्या पोटात दोन्ही कारणे एकत्र नांदत होती. दोन आठवडे दोन प्रतिजैविके आणि आम्लाचे औषध घेतले, आणि पुढे जंतू गेल्याची पुन्हा तपासणी करून खात्री केली. हे शेवटचे काम पुष्कळ जण करत नाहीत, आणि अल्सर परत येतो.

अंथरुणावर असताना मला विनोबा फार आठवले. आमच्या राळेगावातून वर्धा नदी ओलांडली की पवनार फार लांब नाही. १९३८ साली प्रकृती खालावली म्हणून ते धाम नदीकाठी तिथे राहायला आले. त्यांच्या पोटात अल्सर होता. तो घेऊन त्यांनी १९५१ पासून वर्षानुवर्षे भूदानासाठी देश पायी पालथा घातला, दूध-दह्यासारख्या मोजक्या आहारावर. हा दृष्टांत मी किती कीर्तनांत दिला असेन! "पोटात व्रण, पायांखाली भारत. देहाची पर्वा केली का?" असे विचारून टाळ्या घेतल्या. पण मी दृष्टांत अर्धाच सांगत होतो. त्या महात्म्याने आपल्या व्रणाची पर्वा रोज प्रत्येक घासाला केली. काय खायचे, किती खायचे, हे मोजून ठरवले, म्हणून तर एवढे चालता आले. १९५२ च्या अखेरीस चांडील येथे त्यांना मलेरिया झाला. आधी त्यांनी औषध नाकारले, पण अनेकांच्या आग्रहानंतर घेतले. औषध घेतल्याने त्यांचे वैराग्य कमी झाले, असे म्हणायची कोणाची छाती आहे?

आता मूळ गोष्टीकडे येतो.

या प्रसंगाच्या वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या फडावर एक मृदंगवादक होते. त्यांच्या हाताचे बोल अजून माझ्या कानांत आहेत. त्यांची बोटे आणि गुडघे दुखत. ते तसल्याच गोळ्या घेत. आषाढीला पंढरपूर मुक्कामी, नवमीच्या सकाळी चंद्रभागेवर स्नान करून आलो तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "महाराज, दोन रोजापासून परसाकडले काळं होऊन रायलं. डांबरावाणी."

मी म्हणालो, "उष्णता झाली असेल. ताक घ्या. देहाकडे फार पाहू नये."

त्या रात्री माझे कीर्तन होते. मी देहाच्या नश्वरतेवर बोललो आणि ते साथीला बसले. दशमीलाही बसले, एकादशीच्या जागरालाही बसले. द्वादशीला पारणे सोडून आम्ही परतीच्या गाडीत चढलो. गाडीतच त्यांना रक्ताची उलटी झाली. पुढच्या मोठ्या स्टेशनवर उतरवून दवाखान्यात नेले, पण तिथे पोहोचेपर्यंत काही उरले नव्हते. लोक म्हणाले, वारी करून गेला, भाग्यवान. मीही तेच म्हणालो. तेराव्याला माझेच कीर्तन झाले, आणि त्यात मी त्यांच्या मरणाचे सोने केले. सकाळी चंद्रभागेवर ते मला काय बोलले होते, हे मात्र कोणाला सांगितले नाही. त्यांच्या पत्नीलाही नाही. त्या दिंडीत होत्या, डोक्यावर तुळस घेऊन.

शस्त्रक्रियेनंतर चालता येऊ लागले तेव्हा मी पहिला त्यांच्या घरी गेलो. बाई थकल्या होत्या, पडवीत बसून वाती वळत होत्या. मी सगळे सांगितले. नवमीची सकाळ, त्यांचे शब्द, माझे शब्द. क्षमा मागितली.

त्यांनी वाती खाली ठेवल्या. म्हणाल्या, "मले ठाव हाये, महाराज. मीनंच त्याइले तुमच्यापाशी धाडलं होतं. म्हटलं, महाराजाले इचारा, ते सांगतीन तसं करू."

माऊली, वीस वर्षांहून अधिक काळ या बाईंना ठाऊक होते. तरी त्या माझ्या प्रत्येक कीर्तनाला आल्या होत्या. पाया पडल्या होत्या. मी काही बोलू शकलो नाही. त्यांनी चहा ठेवला. मी तो घेतला आणि निघालो. क्षमा केली की नाही, ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही पुन्हा विचारले नाही.

कीर्तन थांबले ते तिथे. गादीवर उभ्या राहणाऱ्याचा शब्द लोक पाळतात. आपण वेदान्त सांगतो, लोक त्यातून औषध घेतात. माझ्या एका वाक्यावर एक माणूस तीन दिवस मृदंग वाजवत राहिला आणि आतून रिता होत गेला. तरुण कीर्तनकार हे वाचत असतील तर त्यांना एवढेच सांगणे आहे: देहाबद्दल कोणी विचारले तर निरूपण करू नका. उठा, गाडी बघा, दवाखाना गाठा.

आणि तुम्हा सर्वांना सांगणे असे. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली, किंवा रक्ताची वा चहाच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर ती वाट पाहण्याची गोष्ट नाही. त्याच तासाला निघा. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण कशाने झाली ते तुम्ही ठरवू नका, डॉक्टरांना ठरवू द्या. डॉक्टरांनी विचारले की किती दिवस, कोणत्या गोळ्या, किती, हे खरे सांगा. गुडघे दुखतात तर दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका. साठीपुढचे असाल, पूर्वी अल्सर झाला असेल, रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, तर अधिकच जपा. पॅरासिटामॉलने भागते का, गोळी लागलीच तर तिच्यासोबत पोटाचे संरक्षक औषध हवे का, हे विचारून घ्या. आणि हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर हा लेख वाचून ते परस्पर बंद करू नका. त्यात वेगळा धोका आहे. तेही डॉक्टरांनाच विचारा. एकादशी करा, पण उपाशीपोटी वेदनाशामक गोळी हा कोणत्याही शास्त्रात सांगितलेला फराळ नाही.

आता आमची दिंडी निघते त्या दिवशी मी पहिल्या मुक्कामापर्यंत गाडीने जातो. रात्री हरिपाठ झाला की खाटेवर बसून दहा मिनिटे हेच बोलतो. शौचाचे नाव काढले की बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसतात. हसोत. तीन वर्षांपूर्वी सगळे पांगल्यावर एक आजीबाई अंधारात खाटेजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "महाराज, मलेही तसंच होते." त्यांना रात्रीच गाडीत बसवले. पहिल्या दुर्बिणीतच त्यांचे रक्त थांबले. पण त्या वर्षी त्यांची वारी चुकली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकली. तेव्हापासून त्या दरवर्षी दिंडीत येतात, मुक्कामाला माझ्या खाटेसमोरून जातात, आणि माझ्याशी बोलत नाहीत. वारी चुकवली म्हणून अजून रागावलेल्या आहेत. मी त्यांना जाताना पाहतो आणि हात जोडतो.

राम कृष्ण हरी.